शेवटून पाचवं पान

१

शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुतार आणि पाळकसाहेब दोघे एकदम दुकानात शिरले, तेव्हाच बाइंडरबाईंच्या ध्यानात आलं की काहीतरी बिनसलंय. सुतार एकटा आला तर पुठ्ठा मागायला येतो, पाळकसाहेब एकटे आले तर गप्पा मारायला. जोडीनं ते कधी आले नव्हते. सुतारानं काखेतली वही खळीच्या भांड्यापासून जपून लांब ठेवली.

"ताई, हिच्यातलं एक पान गेलंय," तो म्हणाला.

वही बाइंडरबाईंच्याच हातची होती. चर्चसाठी दर वर्षी अशी एक वही त्या शिवून द्यायच्या. चर्चच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली आहे. एक खुर्ची, एक मेज, एक खिडकी. दर शुक्रवारी सकाळी आठ ते बारा चार माणसं, दर काही आठवड्यांनी वेगळी चार, पाळीपाळीनं तिथं एकेक तास दार लावून, उपाशीपोटी बसतात आणि या वहीतल्या विनंत्यांसाठी प्रार्थना करतात. ओळ कोणीही लिहावी, फक्त नाव घालायचं नाही. आपलंही नाही आणि ज्याच्यासाठी मागायचं त्याचंही नाही, कारण देवाला नावं ठाऊक असतात. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बहुतेक जण छापील वळणात लिहीत. प्रार्थना झाली की ओळीपुढे आपापली खूण करायची. वर्षाच्या शेवटच्या रविवारी सगळ्या ओळी मंडळीपुढे वाचल्या जात, आणि वाचल्या गेलेल्यांपैकी ज्याला आपली ओळ पुढच्या वर्षी हवी असेल तो ती नव्या वहीत उतरवून काढी. उतरली नाही ती ओळ संपली.

तो रविवार परवावर आला होता. त्यात यंदा पाळकसाहेबांनी नवा नियम काढलेला: ज्याची ओळ असेल त्यानं ती वाचताना उभं राहायचं. लपून मागितलं की माणूस जबाबदारी घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. वयानं लहान, शिस्तीचे भोक्ते. पण शिस्त मोडली की आधी त्यांचाच चेहरा उतरायचा. आत्ताही तो उतरलेला होता.

सुतारानं हकीकत सांगितली. अकरा ते बाराचा तास त्याचा होता. शेवटून पाचव्या पानावर त्यानं मागच्या शुक्रवारी खुणा केल्या होत्या, आज बघतो तर पान नाही. शिंप्याचा तास नऊचा, त्यानं पान पाहिल्याचं सांगितलं. दहाला ऑर्गनवाली बसली होती.

"म्हणजे मावशी, सरळच आहे ना," पाळकसाहेब दुःखानं म्हणाले. "बिचारीनं ब्लेड आणलं असणार. मला तिला कामावरून काढायचं नाही, पण मंडळी मला विचारेल."

बाइंडरबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि वही उघडून अंगठा घडीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. कापलेल्या पानाची घडीत थोडी तरी पट्टी उरते. इथं अंगठ्याला काहीच लागलं नाही. मग त्यांनी पानं मोजली. पुन्हा मोजली.

"चाळीस पानांची वही दिली होती मी. आता अडतीस आहेत," त्या म्हणाल्या. "एक नाही, दोन पानं गेलीत. आणि कापलेलं एकही नाही."

२

दोघांना त्यांनी मेजावरचा एक कोरा ताव दुमडून दाखवला. अशी वही म्हणजे एकात एक घातलेले दुमडलेले ताव. प्रत्येक तावाचं एक पान पुढच्या अर्ध्यात येतं आणि दुसरं मागच्या. शेवटून पाचव्या पानाचा जुळा भाऊ सुरुवातीपासून पाचवा. कोणीतरी मधली गाठ सोडली, दोरा ओढून काढला, तेवढा ताव बाहेर घेतला आणि जुन्याच भोकांतून वही पुन्हा शिवली. मेण लावलेला दोरा ताठ असतो, त्याला सुईही लागत नाही. वीस मिनिटांचं काम, आणि दार लावून बसायला तर तासभर मिळतो.

उद्या संध्याकाळपर्यंत काय ते सांगते, असं म्हणून त्यांनी दोघांना वाटेला लावलं, आणि दार ओढून घेऊन त्या बाकावर बसल्या.

कारण शेवटून पाचव्या पानावर, खालून तिसरी ओळ त्यांची होती. एका लेकीसाठी, ती घरी येत नाही.

सहा वर्षांपूर्वी बाइंडरबाईंचे यजमान गेले. लेक दूरच्या शहरात होती, ती पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. मागच्या दारानं ती स्वयंपाकघरात आली, हातात पिशवी तशीच, आणि आई तिला म्हणाली, "आता कशाला आलीस?" पोरगी आल्या पावली परत गेली. त्या वेळी घरात पन्नास माणसं होती, पण स्वयंपाकघरात या दोघीच. म्हणून ते कोणाला कळलं नाही, आणि बाइंडरबाईंनीही कळू दिलं नाही. लेक मजेत आहे, रविवारचा फोन येतो, असं त्या सगळ्यांना सांगत. सहा वर्षांत एकही फोन आलेला नव्हता. तिनं आधी करावा म्हणून यांनी केला नव्हता, आणि आता केला तर ती उचलणार नाही, याची त्यांना भीती होती.

पाच आठवड्यांपूर्वी न राहवून त्यांनी ती ओळ लिहिली. पुढच्या शुक्रवारी बारा वाजून गेल्यावर जाऊन पाहिलं तर ओळीपुढे चार खुणा होत्या. आपल्या लेकीची आठवण जगात आणखी चार जण काढतायत, हे पाहून त्या खोलीत एकट्याच रडल्या होत्या. पान मिळालं नाही तर ओळ संपली, आठवणही संपली. खरं सांगायचं तर त्यांना थोडं हायसंही वाटलं होतं, कारण आता परवा उभं राहायला नको. तसं वाटल्याची त्यांना लगेच लाज वाटली.

त्यांनी वही पुन्हा ओढली आणि मधोमध उघडून गाठ पाहिली. बाइंडरबाईंची गाठ त्यांची स्वतःची होती. त्यांच्या वडिलांकडून आलेली. दोऱ्याची दोन टोकं घ्यायची, उजवीकडून दोन वेढे द्यायचे आणि टोक आत दाबून टाकायचं. बाजारातले बाकीचे एक वेढा देतात आणि टोक बाहेर सोडतात.

वहीतल्या गाठीला दोन वेढे होते. डावीकडून घेतलेले, घट्ट, आणि टोक आत दाबलेलं.

ते दोन वेढे त्यांनी पुन्हा मोजले. ही गाठ त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती. याच बाकावर शेजारी बसवून, कोपराला कोपर लावून, आपल्या लेकीला.

३

त्या दुपारी बाइंडरबाईंचं कामात लक्ष लागलं नाही. लेक गावात आली असेल का, कोणाकडे उतरली असेल, चर्चमध्ये गेली असेल, आईचं छापील वळण ओळखून तिनं ते पान आपल्याजवळ ठेवून घेतलं असेल. वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. तरी रस्त्यावर सँडल वाजली की त्या मान वर करायच्या. चोर आपलीच मुलगी निघावी म्हणून देवाला विनवणारी आई त्या मंडळीत तरी दुसरी नसेल.

शुक्रवारी चार वाजता मास्तरीणबाई यायच्या, त्या आल्या नाहीत. उपासानं डोकं दुखतंय, असा निरोप आला. मास्तरीणबाई म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, वय बाहत्तर, ताठ कण्याच्या. ती प्रार्थनेची खोली, तो उपास, आणि जोडीदाराची पद्धत, सगळं मंडळीला अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच लावून दिलेलं. प्रत्येकाला एक जोडीदार. त्यानं आठवड्यातून एकदा तीन प्रश्न विचारायचे: प्रार्थना केलीस का, कुणावर राग धरून आहेस का, आणि आत्ता मला खरं सांगितलंस का. बाइंडरबाईंच्या जोडीदार मास्तरीणबाईच होत्या.

शनिवारी सकाळी बाइंडरबाई आधी ऑर्गनवालीकडे गेल्या. चाळिशीची, किडकिडीत, सतत माफी मागणारी बाई. आपल्यावर संशय आहे हे तिच्या कानावर गेलं होतं आणि रडून तिचं नाक लाल झालं होतं. ते पान दहा वाजता होतं का, असं विचारलं तर ती ओढणीचं टोक पिळत बसली. शेवटी म्हणाली की तिनं पाहिलंच नव्हतं. ती नेहमी सगळ्यात ताज्या पानाशीच वही उघडते.

"जुन्या ओळी एव्हाना देवानं ऐकल्या असतील असं मला वाटतं, काकू. उगाच त्याच्या मागं काय लागायचं," ती म्हणाली. पाळकसाहेबांना मात्र तिनं सगळी वही चाळते असंच सांगितलं होतं. मग, स्वतःचं बिंग फुटलंच आहे तर दुसऱ्याचंही फुटावं अशा बेतानं, तिनं पुस्ती जोडली की काल ती दाराबाहेर दहा मिनिटं उभी होती, आणि आतून शिंप्याचं घोरणं ऐकू येत होतं.

शिंपी मशीनवर वाकलेला होता. घोरण्याचं ऐकल्यावर त्यानं पाय थांबवला.

"ताई, पोटात काही नसलं की मला झोप येते. बायकोला सांगू नका, ती माझी जोडीदार आहे," तो म्हणाला.

म्हणजे नऊ वाजता पान पाहिल्याची त्याची साक्ष म्हणजे निव्वळ थाप होती. चार शुक्रवार तो नुसता झोपत होता आणि उठल्यावर सगळीकडे खुणा करत होता, काल तेवढंही केलं नव्हतं. बाइंडरबाईंना हसू यावं की चीड, कळेना. त्यांच्या लेकीच्या ओळीपुढच्या खुणांतली एक या घोरणाऱ्याची होती.

तरी एक काम झालं. शिंप्याला सुरुवातीचं पाचवं पान आठवत होतं, निदान त्यातली एक ओळ. एका माणसासाठी, ज्याची प्रार्थना बंद पडली आहे. ती जागेपणी वाचली होती आणि पाळकसाहेबांची असेल असं वाटून कोणाला बोलला नव्हता. बाइंडरबाई परत ऑर्गनवालीकडे गेल्या. ते पान ताजं होतं तेव्हा तिनं ती ओळ वाचली होती, आणि तिला ती शिंप्याची वाटली होती. सुताराला ऑर्गनवालीची वाटली होती. ज्यानं ज्यानं ती ओळ वाचली त्यानं तिच्यापुढे इमानेइतबारे खूण केली होती, आणि प्रत्येकाच्या मते तो माणूस दुसराच कोणीतरी होता. त्याला जाऊन विचारावं असं कोणाच्याच मनात आलं नव्हतं.

बाइंडरबाईंनाही ओळ आठवत होती. त्यांची पाळी आली की त्याही खूण करायच्या. तो माणूस कोण असेल याचा विचार त्यांनी केलेलाच नव्हता.

४

दुपारी त्या दुकानात परतल्या तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. बाकावर पुठ्ठ्यांचा ढीग होता, तो उचलायचं त्राण नव्हतं, म्हणून त्या मेजाच्या पलीकडे गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या स्टुलावर टेकल्या. या स्टुलावर त्या कधी बसलेल्या नव्हत्या. मेजावर नव्या वर्षाची वही शिवून मधोमध उघडी ठेवलेली होती. पलीकडून ती उलटी दिसत होती, आणि गाठही. त्या आपल्याच गाठीकडे बघत राहिल्या. उजवीकडून दिलेले वेढे इथून डावीकडून दिल्यासारखे दिसत होते.

त्यांनी चर्चची वही काढून शेजारी धरली. इथं बसून ही गाठ तंतोतंत तीच दिसत होती.

ज्याला आस लागलेली असते त्याला डावं-उजवं दिसत नाही. काल त्यांनी वेढे मोजले होते, वळण पाहिलं नव्हतं. लेक शेजारी बसून शिकली होती. तिची गाठ आईसारखीच उजवीकडून पडायची. डावीकडून बांधणारा माणूस समोर बसून शिकलेला असणार, आरशात बघून शिकावं तसा. आणि तोही एकदा बघून नाही, वर्षानुवर्षं बघून. गिऱ्हाइकं त्या स्टुलावर दोन मिनिटं टेकतात आणि जातात. शुक्रवारच्या शुक्रवार, तास तास तिथं बसणारं माणूस एकच होतं.

काल आठ ते नऊचा पहिला तास त्याच माणसाचा होता. शिंपी झोपलेला, ऑर्गनवालीनं पान उलटलं नाही, म्हणून आठ वाजता झालेली चोरी अकरा वाजता सापडली. बाइंडरबाईंनी सकाळपासून सगळ्यांना विचारलं होतं आणि त्या एका माणसाला विचारायचं त्यांना सुचलंसुद्धा नव्हतं.

लेक आली नव्हती. ते आधी मनात आलं, आणि चोर सापडल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. त्या चपला घालून निघाल्या.

५

मास्तरीणबाईंच्या खोलीत भिंतीवर नकाशे होते आणि खिडकीशी मेज. त्यांनी दार उघडलं, बाइंडरबाईंच्या काखेत वही पाहिली आणि बाजूला झाल्या.

"बस. गाठीवरून ना?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही समोर बसून शिकलात, बाई. उलटी पडली."

मास्तरीणबाईंनी मेजाच्या खणातून ताव काढला आणि पुढे सरकवला. बाइंडरबाईंनी तो हातात घेतला, उलटला, आणि त्यांचा तळवा आपसूक खालून तिसऱ्या ओळीवर जाऊन बसला. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. आधी त्यांनी स्वतःचं सांगितलं, अगदी वर्गात धडा सांगावा तसं, क्रमानं.

शेवटून पाचवं पान त्यांना नकोच होतं. कापलं तर पट्टी उरेल आणि ती तुझ्या अंगठ्याला लागेल, म्हणून सगळा ताव काढला, त्या म्हणाल्या. खाडाखोड केली असती तर सगळ्यांचं लक्ष नेमकं तिथंच गेलं असतं. शेवटची पानं दर वर्षी कोरीच राहतात, म्हणून मागचं पान कोरं असेल असा त्यांचा अंदाज होता. गाठ मारून झाल्यावर त्यावर ओळी दिसल्या, आणि बाहेर शिंपी खोकत होता. मग परत आणून देण्याचा धीर झाला नाही.

"सुरुवातीच्या पाचव्या पानावरची ती ओळ तुमची," बाइंडरबाई म्हणाल्या.

"माझी. कधी बंद पडली ते नेमकं कळलंही नाही गं. आधी शब्द आटले. तासभर मी खिडकीबाहेर बघायची आणि खुणा करून उठायची. पूर्वी तोंड उघडलं की कोणीतरी ऐकतंय हे मला कळायचं, पाठीवर ऊन पडलं की कळतं ना, तसं. त्याची इतकी ओढ आहे मला की काय सांगू. बाहत्तराव्या वर्षी मी रिकाम्या खुर्चीसमोर बसते आणि वाट बघते."

बाइंडरबाईंनी विचारलं की मग सांगितलं का नाही.

"लिहिलं होतं की. वाटलं, कोणीतरी विचारेल. तू विचारशील. त्या ओळीपुढे सगळ्यात जास्त खुणा तुझ्या आहेत, मी मोजल्यात, एकोणीस. आणि दर शुक्रवारी तू दोरा ओवता ओवता मला विचारायचीस, प्रार्थना केलीत का. मी हो म्हणायची. तू पुढचा प्रश्न विचारायचीस."

ते एकोणीस शुक्रवार बाइंडरबाईंना एकेक करून आठवायला लागले, आणि एकातही त्यांनी मान वर केल्याचं आठवेना.

"मग पाळकसाहेबांनी तो नियम काढला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "उभी राहिले तर लाज, आणि बसून राहिले तर देवाच्या घरात खोटं. अकरा वर्षं मी सगळ्यांना शिकवलं की जोडीदाराला खरं सांगा."

खाली रस्त्यावर कोणीतरी भांडी विकत होतं. मास्तरीणबाईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"आता मी विचारते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आज शनिवार आहे, पण चालेल. लेकीचा फोन येतो का तुला?"

बाइंडरबाईंचा तळवा अजून त्या ओळीवर होता. तो काढायला हवा होता, हे त्यांना आत्ता उमगलं.

"बाई, तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"ओळ तुझी हे आत्ता कळलं. फोन खोटा हे केव्हापासूनच कळत होतं. लेकीचा फोन येणारी बाई ती काय बोलली ते सांगते, जेवली का, काय शिजवलं, कुणाशी भांडली. तू नुसतं 'फोन आला होता' एवढंच सांगतेस. मला कळत होतं आणि मी विचारलं नाही, कारण तुला विचारलं असतं तर तूही मला विचारलं असतंस."

तेव्हा बाइंडरबाईंनी सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, पिशवी, आणि ते तीन शब्द. सहा वर्षांत ते त्यांनी मोठ्यानं पहिल्यांदा उच्चारले, आणि उच्चारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मास्तरीणबाईंना पुढे वाकावं लागलं.

"काल दुपारपासून हे पान माझ्यापुढं आहे," ऐकून झाल्यावर मास्तरीणबाई म्हणाल्या. "कोणाची ओळ ते ठाऊक नव्हतं. तरी बोलून पाहिलं. 'तिला आण,' एवढे दोन शब्द आले. त्यापुढं काही नाही. पण वर्षभरात तेवढेच आले."

६

उद्याचं त्यांनी तिथंच ठरवलं. बाइंडरबाईंनी खिडकीशी बसून ताव पुन्हा वहीत शिवला. पाळकसाहेबांना निरोप गेला की पानं मिळाली आहेत, ऑर्गनवालीचा काडीचाही दोष नाही, तिची माफी मागा, आणि ज्यानं पानं नेली ते माणूस उद्या आपण होऊन उभं राहील. नाव मी सांगणार नाही, ते त्याचं त्यानं सांगायचं आहे, असंही त्यात होतं.

"मी उभी राहणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हसतील तर हसू देत. तू?"

"राहीन मीही."

"चाळीस माणसांपुढं राहशील. आणि तिच्यापुढं?"

बाइंडरबाई वहीच्या कडा नीट करायला लागल्या, त्या आधीच नीट होत्या.

"देवाला विचारलंस, आम्हा सगळ्यांना विचारायला लावलंस. तिला विचारलंस का?"

"ती नाही उचलायची, बाई."

"ते तुला माहीत नाही. सहा वर्षं तू तिला उचलायची संधीच दिलेली नाहीस." मास्तरीणबाईंनी खुर्ची ओढून दाराशी नेली आणि तिथं बसल्या, खोलीबाहेर पळून जाणाऱ्या मुलीला अडवायला बसावं तशा. "मी इथं आहे. कर."

नंबर बाइंडरबाईंना पाठ होता. एक आकडा चुकला, पुन्हा सगळा लावला. फोन वाजायला लागला. पाच वेळा वाजला. आता बंद होईल, असं म्हणेपर्यंत पलीकडे कोणीतरी उचलला.

"आई? कोण गेलं?" लेकीनं विचारलं.

आई फोन करते म्हणजे कोणीतरी गेलं असणार, एवढंच तिच्या लेखी उरलं होतं. बाइंडरबाईंना ते थेट काळजात लागलं, आणि लागायलाच हवं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"कोणी नाही गेलं. कोणी नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू इतक्या लांबून आलीस आणि मी तुला दारातून परत लावलं. ते मी चुकले. तेवढं सांगायला आणि तू कशी आहेस ते विचारायला फोन केलाय."

फोनमधून भांड्यांचा आवाज येत होता, कोणाचं तरी हसणं, तिच्या घरातली माणसं, ज्यांतलं एकही यांना ठाऊक नव्हतं. मास्तरीणबाई दाराशी मान खाली घालून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

"थांब," लेक म्हणाली. "इथं फार गलका आहे. दार लावून येते. फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत," बाइंडरबाई म्हणाल्या, आणि फोन कानाला घट्ट धरून पलीकडचं दार लागायची वाट बघत राहिल्या.